म्हातारचळ नव्हे, व्याधी!

'बेळगाव, कारवार, निपाणी, बिदर, भालकीसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' ही घोषणा एके काळी मराठी मुलखात दुमदुमली होती. गोमंतकातील मराठी वाचकाला बेळगाव आणि कारवार शेजारचे. निपाणीही त्याच्या ओळखीची. बिदर आणि भालकी ही नावे मात्र त्याच्या कानांवर पडली ती बहुधा या घोषणेपुरतीच. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याची वाटणी झाली. त्या वेळी जुन्या बिदर जिल्ह्यातील उदगीर, अहमदपूर व निलंगा हे तालुके मुंबई राज्यात गेले आणि भालकी, औराद, हुमनाबाद, बसवकल्याण हा भाग म्हैसूर राज्याकडे गेला. शेजारच्या गुलबर्गा जिल्ह्यातील आळंदची मराठी घरेही तिकडेच राहिली. सीमातंट्याचा दावा २००४ सालापासून सर्वोच्च न्यायालयात आहे आणि तो आपल्या गतीने चालेल. आज आम्हाला त्या तंट्याविषयी लिहावयाचे नाही. ज्या पिढीने त्या घोषणा दिल्या, किंवा तितक्याच तळमळीने त्यांना विरोध केला, ती पिढी आज ऐंशी-नव्वदीच्या घरात आहे. तिच्यातील काहींना आता घोषणा तर नाहीच, पोटच्या मुलाचे नावही आठवत नाही. कोणत्याही निकालाची वाट पाहण्याइतका वेळ त्यांच्यापाशी उरलेला नाही.

'साठी, बुद्धी नाठी' असे म्हणून आपला समाज या अवस्थेकडे पाहत आला आहे. म्हातारपणी माणूस विसरायचाच, बरळायचाच, त्याला 'म्हातारचळ' लागायचाच, असे गृहीत धरले की पुढचे सारे प्रश्न आपोआप मिटतात. वैद्यकशास्त्राला हे गृहीतक मान्य नाही. स्मृतिभ्रंश हा वार्धक्याचा अटळ भोग नसून मेंदूची व्याधी आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात साठीपुढील सुमारे ७.४ टक्के लोक, म्हणजे जवळजवळ ८८ लाख माणसे, या व्याधीने ग्रस्त आहेत. हे प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत अधिक आढळले. बिदर आणि कलबुर्गी हे प्रामुख्याने खेड्यांचे जिल्हे आहेत. तेव्हा हा प्रश्न तिथे नसेल असे मानण्याचे काही कारण नाही.

परंतु नुसत्या विसरण्याने घर मोडत नाही. आजोबा चष्मा कुठे ठेवला ते विसरले, आजीने भाजीत दोनदा मीठ घातले, हे घर हसून सोसते. घर मोडते ते निराळ्याच गोष्टींनी. 'सुनेने माझ्या पाटल्या चोरल्या' असे सासू चारचौघांत सांगू लागते. जन्मभर शब्द न उंचावलेला बाप मुलावर काठी उगारतो. कोणी रात्रभर येरझारा घालतो, कोणी पहाटे दार उघडून चालू लागतो. कोणाला भिंतीवर माणसे दिसतात, तर कोणी दिवसचे दिवस एका कोपऱ्यात बसून राहतो आणि घरच्यांना वाटते की म्हातारा आता शांत झाला. डॉक्टर यांना स्मृतिभ्रंशाची वर्तनविषयक व मानसिक लक्षणे म्हणतात. आजाराच्या वाटचालीत बहुतेक रुग्णांत यांपैकी काही ना काही प्रकटतेच. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या 'अस्तु' या चित्रपटात मोहन आगाशे यांनी उभा केलेला संस्कृत पंडित हत्तीमागोमाग चालत जातो आणि हरवतो. प्रेक्षकांच्या मनात राहिले ते त्याचे विसरणे नव्हे, त्याचे हरवणे.

या व्याधीचा वैद्यकीय इतिहासही विसरण्यापासून सुरू झालेला नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते. १९०१ साली फ्रँकफुर्टच्या रुग्णालयात डॉ. अलोइस आल्झायमर यांच्यापुढे ऑगस्ट डेटर नावाची पन्नाशीची स्त्री आणली गेली. घरच्यांना प्रथम खटकले ते तिचे संशयी वागणे. नवऱ्याविषयी तिला विलक्षण मत्सर वाटू लागला होता. १९०६ साली आल्झायमर यांनी तिची हकिकत विद्वानांच्या सभेत मांडली आणि पुढे त्या व्याधीला त्यांचेच नाव मिळाले. म्हणजे पहिल्याच रुग्णाईतेच्या बाबतीत वर्तनाने वर्दी दिली होती. तरीही पुढची कित्येक दशके वैद्यकाने स्मरणशक्ती मोजण्यावरच भर दिला आणि वागण्यातील बदलाला दुय्यम लेखले. वृद्धमानसशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने या लक्षणांना एक सर्वमान्य संज्ञा दिली ती १९९६ साली.

बिदर-कलबुर्गीच्या खेड्यात या लक्षणांचा अर्थ कसा लावला जाईल, याची कल्पना करणे अवघड नाही. मराठवाड्याप्रमाणे त्या पट्ट्यातही भानामतीची धास्ती पिढ्यान् पिढ्या घर करून आहे. ज्या गावात विचित्र वागण्याला करणी हे तयार उत्तर असते, तिथे भिंतीवर माणसे पाहणाऱ्या म्हातारीला दवाखान्यात नेण्याआधी जाणत्याकडे नेले जाणे स्वाभाविकच. याहून वाईट म्हणजे करणी कोणी केली याचा शोध सुरू होतो. तो बहुधा एखाद्या विधवेच्या, एखाद्या गरीब शेजारणीच्या दारापाशी येऊन थांबतो. कर्नाटकाने २०१७ साली अमानुष प्रथा व जादूटोण्याविरुद्ध कायदा केला, महाराष्ट्राने त्यापूर्वीच २०१३ साली केला. पण कायदा गुन्हा घडल्यावर जागा होतो. म्हातारीचे भास हा मेंदूचा आजार आहे, असे कोणीतरी तिच्या घरच्यांना वेळेवर सांगितले, तर गुन्ह्याचे मूळच उपटले जाईल. आणि जिथे भानामतीचे नाव निघत नाही, तिथे दोष सुनेच्या माथी येतो. सासू सांगत सुटते की मला दोन दिवस जेवायला घातले नाही; आणि गाव त्यावर विश्वास ठेवते.

यावरचा उपाय फार खर्चाचा नाही. घरात जो रुग्णाचे करतो त्याला नेमके प्रश्न विचारणे, एवढाच तो आहे. अमेरिकेतील डॉ. जेफ्री कमिंग्ज व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली यासाठी एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिचे आजचे रूप बारा विषयांचे आहे. खोटे संशय, भास, आक्रमकपणा, खिन्नता, चिंता, अवास्तव आनंद, अलिप्तपणा, ताळतंत्र सोडून वागणे, चिडचिड, त्याच त्या निरर्थक हालचाली, झोपेची मोडतोड आणि भुकेतील बदल, हे ते बारा विषय. गेल्या महिन्यात यांपैकी काय घडले, किती तीव्रतेने घडले, आणि त्याचा सांभाळणाऱ्याला किती ताप झाला, असे विचारायचे. २००० साली तिची संक्षिप्त आवृत्ती निघाली. ती काही मिनिटांत भरून होते. यासाठी रक्त काढावे लागत नाही, यंत्र लागत नाही. या प्रश्नावलीचे मोठेपण आम्हाला तिच्या शेवटच्या प्रश्नात दिसते. वैद्यकाने सांभाळणाऱ्याला 'तुला किती सोसावे लागते?' असे विचारावे, हीच गोष्ट आमच्याकडे नवी आहे.

मात्र प्रश्न कोणत्या भाषेत विचारले जातात, यावर सारे अवलंबून आहे. सीमाभागाचे खरे दुखणे इथे आहे. त्या मुलखात आज ऐंशीच्या पुढे असलेला माणूस निजामाच्या राज्यात जन्मला. शाळेत गेला असेल तर उर्दू शिकला, घरी मराठी बोलला, बाजारात कन्नड शिकला आणि १९५६ नंतर कचेरीचे सारे कागद कन्नडात पाहू लागला. मेंदू झिजू लागला की पुष्कळदा नंतर शिकलेली भाषा आधी जाते आणि आईची भाषा मागे उरते. अशा वृद्धाला कन्नडात आजची तारीख आणि राज्याच्या मुख्यमंत्र्यांचे नाव विचारले, आणि तो गप्प राहिला, तर त्यावरून काय निष्कर्ष काढायचा? त्याची स्मृती गेली, की भाषा गेली, की मुळात अक्षरओळखच नव्हती? वर्तनाच्या प्रश्नांचा लाभ असा की ते रुग्णाला नव्हे, त्याच्या घरच्यांना विचारायचे असतात. ते भालकीच्या सुनेला तिच्या मराठीत, चिंचोळीच्या लेकीला तिच्या कन्नडात, बिदर शहरातील बेगमेला तिच्या दखनीत विचारता येतात. ही भाषिक सवलत नव्हे, वैद्यकीय गरज आहे. अक्कलकोट आणि जत तालुक्यांतील कन्नड आजीलाही महाराष्ट्र शासनाने हाच न्याय लावला पाहिजे, हे आम्ही तितक्याच आग्रहाने सांगू.

भाषेइतकेच महत्त्व त्या भूमीच्या स्मृतींना आहे. नव्वदीला टेकलेल्या माणसाने १९४८ साल लहानपणी डोळ्यांनी पाहिलेले आहे. एखादा वृद्ध मध्यरात्री दाराला कडी घालून 'रझाकार आले' म्हणून थरथरू लागला, तर परगावच्या डॉक्टरला ती निव्वळ बडबड वाटेल. पोलीस कारवाईनंतरच्या दिवसांत बिदर आणि गुलबर्गा जिल्ह्यांतील मुसलमान घरांवर जे ओढवले, त्याची नोंद सुंदरलाल समितीने केली आहे. तिथल्या वृद्धेची भीती दुसऱ्या बाजूची असेल, पण ती तितकीच खरी असेल. काल काय जेवलो हे विसरणारा मेंदू पाऊणशे वर्षांपूर्वीची भीती जपून ठेवू शकतो. हे ज्याला ठाऊक आहे तो वृद्धाशी वाद घालणार नाही. त्याचा हात धरील, दिवा लावील आणि दार बंद असल्याची खात्री करून देईल.

लक्षणांची नोंद करायची ती कशासाठी? तर त्यामागचे कारण शोधण्यासाठी. म्हातारा एकाएकी भांडू लागला, तर त्याला लघवीचा संसर्ग झाला आहे का, पोट साफ होत नाही का, उन्हाळ्यात पाणी कमी पडले का, दाढ किंवा गुडघा दुखतो का, हे आधी पाहावे लागते. कारण दुखते आहे हे सांगण्याची शक्तीच त्याने गमावलेली असते. नॉर्वेतील १८ शुश्रूषागृहांतील ३५२ रुग्णांवर झालेला एक प्रयोग २०११ साली प्रसिद्ध झाला. केवळ दुखण्यावर पायरीपायरीने, बहुतांशी साध्या पॅरासिटामॉलने, उपचार केल्यावर रुग्णांचा क्षोभ स्पष्टपणे कमी झाला होता. मोतीबिंदूने अंधारलेल्या डोळ्याला खुंटीवरचे धोतर माणूस वाटते; कानात मळ साचला की कुजबुज आपल्याविरुद्धच चालली आहे असे वाटते. हे कोणी पाहिले नाही, तर पुढे एकच उपाय उरतो: झोपेची किंवा वेडावरची गोळी. या गोळ्या निरुपद्रवी नाहीत. स्मृतिभ्रंशाच्या वृद्ध रुग्णांत मनोविकारांवरील अशा औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ साली नव्या औषधांबाबत आणि २००८ साली जुन्यांबाबतही दिला. काही रुग्णांना डॉक्टरांच्या देखरेखीखाली ती द्यावी लागतात, हे खरे. पण कारण न शोधता म्हाताऱ्याला निजवून ठेवणे हा उपचार नव्हे.

हे सारे आपल्या खेड्यापाड्यांत जमण्यासारखे आहे काय, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर देण्याचा अधिकार गोमंतकाला आहे, कारण तो प्रयोग या भूमीत झाला आहे. डॉ. विक्रम पटेल व डॉ. मार्टिन प्रिन्स यांनी गोव्यात केलेला अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. वृद्धाची स्मृती गेली की लोक त्याला वयाचा परिणाम मानतात, नाहीतर मुलांनी हेळसांड केल्याचा. दवाखान्यात नेण्याजोगा आजार मात्र कोणी मानत नाही, असे त्यातून दिसले. भालकीतील सुनेवर जो आळ येतो तोच आळ गोव्यातील सुनेवरही येत होता. त्यानंतर डॉ. अमित डायस व त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन तालुक्यांतील ८१ कुटुंबांत एक चाचणी केली; तिचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. डॉक्टर नसलेल्या, परंतु प्रशिक्षण घेतलेल्या व स्थानिक भाषा बोलणाऱ्या गृहसल्लागार सहा महिने घरोघर गेल्या. आजार काय आहे ते त्यांनी समजावले, त्रासदायक वागणुकीला कसे तोंड द्यावे ते शिकवले आणि सांभाळणाऱ्याचे ऐकून घेतले. निष्कर्ष विचार करायला लावणारा होता. रुग्णाच्या वर्तनाची तीव्रता निर्णायक म्हणण्याइतकी घटली नाही. पण त्या वर्तनाचा सांभाळणाऱ्याला होणारा ताप घटला आणि त्याचे स्वतःचे मानसिक आरोग्य सुधारले. आजार होता तिथेच होता. पण घर सावरले होते.

कर्नाटक शासनालाही हे काम शून्यातून उभारावयाचे नाही. जिल्हा पातळीवरील मानसिक आरोग्यसेवेचा जो नमुना पुढे देशाने स्वीकारला, तो १९८०च्या दशकात बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने बळ्ळारी जिल्ह्यात, म्हणजे याच कल्याण कर्नाटकात, सिद्ध केला होता. २०२२ साली निम्हान्सच्याच साहाय्याने राज्याने मेंदू-आरोग्याचा उपक्रम हाती घेतला. त्याचा आरंभ बंगळूर, कोलार व चिक्कबळ्ळापूर येथे, म्हणजे राजधानीच्या अंगणात झाला. बिदर राजधानीपासून सुमारे सातशे किलोमीटरवर आहे आणि शासनाची प्रत्येक चांगली गोष्ट तिथे उशिरा पोचते, ही तिथल्या जनतेची जुनी तक्रार आहे. हे मागासलेपण घटनेनेही मान्य केले आणि ३७१ (जे) कलमान्वये या प्रदेशासाठी स्वतंत्र विकास मंडळाची तरतूद झाली. बिदर आणि कलबुर्गी या दोन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. गावोगाव आशा कार्यकर्त्या आहेत. त्या घरोघर जी आरोग्यसूची भरून घेतात, तिच्यात साठीपुढील व्यक्तीसाठी एक प्रश्न असा आहे की, जवळच्या माणसांची नावे किंवा स्वतःच्या घराचा पत्ता आपण विसरता काय? मनाच्या उदासीविषयीही दोन प्रश्न आहेत. उणीव आहे ती वागणुकीच्या प्रश्नांची.

म्हणून आमची सूचना साधी आहे. विसरण्याच्या प्रश्नाला जिथे 'होय' असे उत्तर येईल, तिथे घरच्या माणसाला आणखी चार प्रश्न विचारावेत: संशय किंवा भास होतात काय, रात्री झोप लागते काय, अंगावर धावून येतात किंवा घराबाहेर निघून जातात काय, आणि तुम्हाला स्वतःला हे सोसते काय? हे प्रश्न मराठी, कन्नड, उर्दू आणि तेलुगू या चारही भाषांत छापलेले असावेत, आणि तेही पुस्तकी नव्हे, तिथल्या बोलीत. उत्तरांवरून गरज दिसली तर जिल्हा मानसिक आरोग्य पथकाने त्या घराची दखल घ्यावी. सीमेपलीकडच्या उदगीर, लातूर व सोलापूरच्या दवाखान्यांत जाणाऱ्या रुग्णांचे कागद दोन्ही राज्यांनी एकमेकांचे मानावेत. २०२२ पासून चालू असलेली 'टेली-मानस' ही १४४१६ क्रमांकाची सेवा मराठीतही बोलते, हे निदान ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहिले जावे.

यावर काही रास्त आक्षेप आहेत. उपचार नसताना आजार शोधून काय साधणार, हा पहिला. सरसकट सर्व वृद्धांची स्मृतिपरीक्षा घेत सुटण्याचे फायदे अद्याप सिद्ध झालेले नाहीत, आणि आम्हीही ते सुचवीत नाही. जिथे आग लागलीच आहे तिथे धूर कुठून येतो ते पाहा, एवढेच आमचे म्हणणे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. बुद्धी गेल्याचा शिक्का एकदा बसला की पहाणीपत्रकावरील नाव बदलायला टपलेले भाऊबंद पुढे सरसावतात. म्हणून आशा कार्यकर्तीच्या नोंदीला निदानाचा दर्जा असता कामा नये. ती गुप्त राहावी आणि अंतिम मत डॉक्टरचेच असावे. तिसरा आक्षेप आशा कार्यकर्त्यांचा स्वतःचा असेल: तुटपुंज्या मानधनावर आणखी किती कामे? तो अगदी खरा आहे. या कामाचा वेगळा मोबदला त्यांना मिळाला पाहिजे. सेवाभावाच्या नावाखाली गरीब स्त्रियांकडून फुकट राबवून घेण्याची शासनाची सवय आता पुरे झाली.

गोमंतकातील वाचकाने हे सारे दूरच्या मुलखाचे गाऱ्हाणे समजू नये. साठीपुढील लोकांचे प्रमाण गोव्यात देशाच्या सरासरीहून अधिक आहे. मुलगा आखातात किंवा विलायतेत, आणि वाड्यात दोन म्हातारी माणसे, हे चित्र पेडण्यापासून काणकोणापर्यंत सारखेच आहे. ज्या प्रयोगाने गोव्याचे नाव वैद्यकीय जगतात झाले, तो आपल्या प्रत्येक तालुक्यात रुजला आहे असे म्हणण्याचे धाडस आम्हाला होत नाही. बिदर-भालकीला शिकवण्याआधी आपण आपलाच धडा पुन्हा गिरवला पाहिजे. वृद्ध आईबापांची सेवा हा आपण धर्म मानतो. पण ती सेवा बहुधा एकट्या सुनेने किंवा अविवाहित मुलीने करायची आणि बाकीच्यांनी सणावारी येऊन तिच्या चुका काढायच्या, ही जी रीत पडली आहे तिला धर्म म्हणता येणार नाही. घरातील वृद्ध बदलला असेल, तर त्याला म्हातारचळ म्हणून हसू नका, करणी म्हणून घाबरू नका, आणि त्याच्या बोलण्यावरून सुनेला गुन्हेगार ठरवू नका. आधी डॉक्टरला विचारा. आणि डॉक्टरांनी, कार्यकर्त्यांनी, शासनाने त्या घरात पाऊल टाकताच, जी रात्ररात्र जागते आहे तिला तिच्या भाषेत विचारावे: 'बाई, तुमचे कसे चालले आहे?' पुष्कळ घरांत हा प्रश्न आजवर कोणी विचारलेलाच नाही.